जिथं कोणी उतरत नव्हतं

वर्षालीला नेमकं काय कमी होतं, हे तिला स्वतःला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. आणि विचारणारे काय थोडे होते? मूर्तिजापुरात स्वतःच्या दोन खोल्या, वर स्लॅब. नवरा सज्जन, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, दारूला शिवत नाही की तंबाखूचा खर्रा खात नाही. पोरगी आचल दुसरीत, तोंडाची भारी तिखट. आणि वर्षाली स्वतः एसटीत कंडक्टर, पक्की नोकरी. तिवस्याला माहेरी गेली की मैत्रिणी म्हणायच्या, "तुह्यं बरं हाय बाप्पा." सासू पार्बताबाई तर येता-जाता सुनवायची, "सोन्यासारखा संसार हाय, मंग तोंड कावून असं उतरलेलं रायते व तुह्यं?"

आता याला काय उत्तर द्यायचं? पहाटे चारचा गजर वाजला की तिच्या छातीवर जणू कोणी ओली गोधडी आणून टाकायचं. उठायची, डबा करायची, वेणी घालायची, खाकी चढवायची, सगळं करायची. पण गोधडी काही उतरत नसे. कोणी वारलं नव्हतं, कोणी सोडून गेलं नव्हतं, घरात भांडण नव्हतं. कारण असतं तर लोकांना निदान सांगता आलं असतं. कारणच नव्हतं, म्हणून ती रडायची ती न्हाणीत, नळ मोठा सोडून.

शेवटी नवऱ्यानंच एका रविवारी तिला अकोल्याला नेलं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी गोळ्या दिल्या, शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "सकाळी अर्धा तास मोकळ्यावर फिरत जा. झाडं बघा, पाखरं बघा. मन हलकं होतं." वर्षाली मान हलवत राहिली. बाहेर आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "सकाळी पावणेसातले माही गाडी सुटते. मी काय तीन वाजता उठून पाखरं पाहू?" दोघंही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, ही गोष्ट खरी.

गोळ्या ती नियमानं घेऊ लागली. फिरणं मात्र राहून गेलं.

तिची गाडी म्हणजे मूर्तिजापूर–अंजनगाव सुर्जी, दर्यापूरमार्गे, साधी. पहिली फेरी. या रस्त्यावर डोंगर नाही, जंगल नाही, नुसतं काळ्या मातीचं सपाट रान. जमिनीत पाणी खारं, त्यामुळे झाडंही बेतानंच. पुण्यामुंबईचा माणूस खिडकीतून पाहील आणि म्हणेल, इथं पाहण्यासारखं आहे काय? पाहू नका म्हणावं, तुम्हाला बोलावलं कोणी?

या रस्त्याला दर्यापूरच्या अलीकडे एके ठिकाणी शकुंतलेचे रूळ आडवे जातात. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून सुटणारी ती छोट्या रुळांची आगगाडी. ती बंद पडून बरीच वर्षं झाली. रूळ तिथंच आहेत, दोन्ही बाजूंनी गवतात शिरलेले, गंजून मातीच्या रंगाचे झालेले. तिथं फाटक कधीच नव्हतं. गाडी चालू होती तेव्हा एसटीवाल्यांचा एक शिरस्ता होता. अशा बिनफाटकाच्या रुळांशी ड्रायव्हरनं गाडी थांबवायची, कंडक्टरनं खाली उतरून रुळांपर्यंत चालत जायचं, उजवीकडे पाहायचं, डावीकडे पाहायचं, मग हात हलवून गाडी पलीकडे घ्यायची. आगगाडी बंद झाली आणि शिरस्ताही सुटला. आता गाड्या दाणदाण रुळांवरून जातात, मागच्या सीटवरच्यांची डोकी टपाला लागतात, आणि लोक शकुंतलेच्या नावानं बोटं मोडतात.

कार्तिकातली एक सकाळ. पूर्णा नदीकडून धुकं असं चढलं होतं की बसच्या काचेपुढे रस्ताच नव्हता. ड्रायव्हर सहदेव जुना माणूस, दिवसाकाठी दहा शब्द बोलणारा, त्यातले पाच खर्रा तोंडात ठेवून. त्यानं रुळांच्या अलीकडे गाडी उभी केली आणि मागे वळून म्हणाला, "म्याडम, जरा उतरून समोर चाला. मले काहीच दिसून नाई राहिलं."

वर्षाली उतरली. रुळांपर्यंत गेली. जुन्या सवयीनं, म्हणजे प्रशिक्षणात शिकवलं होतं त्या सवयीनं, तिनं उजवीकडे पाहिलं.

काय पाहिलं म्हणून सांगू! दोन रुळांच्या मधल्या गवतावर कोळ्यांनी जाळी विणली होती, एक नाही, दोन नाही, नजर पोचेल तिथपर्यंत, आणि प्रत्येक जाळीवर दवाचे थेंब ओवलेले. धुक्यात सूर्य नुसता पिवळट डाग होता. त्या उजेडात रूळ पुढे पुढे गेले होते आणि एका जागी नाहीसे झाले होते. पलीकडच्या तुरीच्या शेतातून ओला, गोडूस वास येत होता. कुठूनसा एक होला घुमत होता. बाकी सगळं गप्प. मागे बसचं इंजिन घुरघुरत होतं, पण ते जणू दुसऱ्याच गावात.

तिनं डावीकडे पाहायला मान वळवली तेव्हा तिच्या लक्षात आलं की छातीवर काही नाही. गोधडी नाही. श्वास खोलवर गेला, पार पोटापर्यंत. एवढंच झालं. पण ज्याचा दीड वर्ष श्वास खोल गेला नाही त्याला विचारा, हे एवढंच म्हणजे केवढं असतं.

तिनं हात हलवला, गाडी पलीकडे घेतली, चढली. आणि दर्यापूर येईपर्यंत तिकिटं फाडताना, म्हणजे आता मशीनमधून निघतात ती, प्रत्येकाशी काहीतरी बोलली.

दुसऱ्या दिवशी धुकं नव्हतं. आभाळ कसं लख्ख. रूळ जवळ आले आणि वर्षालीच्या हातानं आपोआप घंटीची दोरी ओढली. टण. सहदेवनं गाडी थांबवली, आरशातून पाहिलं. ती म्हणाली, "पाहून येतो, भाऊ." सहदेवनं खिडकीतून पिंक टाकली. आणि इथून पुढे रोजचंच झालं. तिची दीड मिनिटं आणि त्याची पिंक.

दीड मिनिटात किती मावतं, हे वर्षालीला त्या हिवाळ्यात कळलं. कधी विजेच्या तारेवर नीलकंठ बसलेला असायचा, उडाला की पंखाखालचा निळा रंग असा चमकायचा की ती तोंडावर हात ठेवायची. कधी हरभऱ्याच्या पानांवरची आंब हवेत उतरलेली असायची आणि जिभेवर आंबट चव यायची. एकदा एक मुंगूस दोन्ही रुळांच्या मधोमध सरळ चालत आलं, आपणच शकुंतला असल्याच्या थाटात, तिच्याकडे पाहून थांबलं, आणि ही काही तिकीट मागणार नाही अशी खात्री पटल्यावर गवतात शिरलं. पौषात एका सकाळी तिला वाटलं की खरंच गाडी येतेय. लांबून, हळूहळू, आवाज न करता, डब्यांच्या खिडक्यांतून कापूस उतू जातोय. ती गाडी रुळांवर आली, वर्षालीच्या अंगातून आरपार गेली, आणि पाहते तो पलीकडच्या वेचणीला आलेल्या कपाशीच्या शेतावरून धुकं सरकत होतं. ती हसत हसत बसमध्ये चढली. एका म्हातारीनं विचारलं, "काय पायलं व बाई?" ती म्हणाली, "आगगाडी." म्हातारी म्हणाली, "असंन माय."

न्हाणीतला नळ मोठा सोडायची पाळी आता आठ-आठ दिवस येत नसे. अकोल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फिरायला जाता वाटतं." वर्षाली म्हणाली, "हो, दीड मिनिट." बाईंना ती थट्टा वाटली.

सगळ्यांनाच हे गोड लागत होतं असं मात्र समजू नका. बसमध्ये नत्थुजी होते.

नत्थुजी म्हणजे रुळांच्या दीड किलोमीटर अलीकडच्या फाट्यावरून रोज चढणारे म्हातारबा. शहात्तरी उलटलेली, डोक्यावर पांढरी टोपी, हातात काठी, गुडघे गेलेले आणि जीभ जागेवर. शेत मुलांकडे सोपवलेलं. रोज दर्यापूरला जायचे ते एकाच कामासाठी. स्टँडसमोरच्या हॉटेलात पेपर एकच येतो. जो आधी येईल त्याच्या हाती. नत्थुजी आणि त्यांचा जुना वैरी-कम-मित्र देवीदास, दोघांची वर्षानुवर्षांची त्या पेपरवरून खेचाखेच. देवीदास दर्यापुरातच राहायचा, आपला पूजापाठ उरकून आठच्या ठोक्याला हजर व्हायचा. नत्थुजींची गाडी आठला एक कमी असताना लागायची. लागायची, म्हणजे कार्तिकापर्यंत. कार्तिकापासून पेपर देवीदासचा झाला. आणि देवीदास जाहिरातींसकट वाचणारा माणूस, तास-तास सोडत नाही वर.

"काय हाय तिथं पायण्यासारखं?" नत्थुजी रोज गरजायचे. "रेल्वे मेली, तिचे दिवस झाले, तेरवी झाली, अन् ही बाई रोज पाहून राहिली गाडी येते का म्हून!"

"बाबा, दीड मिनिट तं लागते," वर्षाली समजावायची. "गुडघा कसा हाय आज?"

"गुडघ्याचं सोड! महा पेपर जाते!"

बस हसायची. नत्थुजींना फुकट प्रवास होता, पंच्याहत्तरीच्या पुढचा. कोणी मागून म्हणायचं, "फुकटात जाता अन् वरून घाई, बाप्पा?" त्यावर ते काठी आपटायचे. वर्षालीला त्यांचा राग नव्हता. त्यांचं शून्य रुपयाचं तिकीट ती सगळ्यात आधी काढून द्यायची.

गुढीपाडवा झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्षाली रुळांशी उतरली आणि एक टिटवी तिच्या अंगावर धावून आली. टिव टिव टिटिव! डोक्यावरून घिरट्या, पायाशी लोटांगण, एक पंख मोडल्याचं सोंग. वर्षाली शेतकऱ्याचीच लेक, तिला कळलं. ती जागच्या जागी उभी राहिली आणि नजर खाली घेऊन शोधू लागली. सडकेपासून वीसेक पावलांवर, दोन रुळांच्या मधल्या खडीत, चार अंडी. मातकट, काळे ठिपके, टोकं आत करून मांडलेली. घरटं नाही, काडी नाही. डोळा जरा हलला की ती अंडी खडीत हरवायची आणि पुन्हा शोधावी लागायची.

आता मात्र तिचा जीव तिथं गुंतला. रोज उतरायची, लांबूनच मोजायची. एक, दोन, तीन, चार. टिटवी बसलेली असली तर दोघी एकमेकींकडे पाहायच्या. चौथ्या-पाचव्या दिवसापासून टिटवीनं ओरडणं सोडलं. घरी गेल्यावर आचल आधी तेच विचारायची, "आई, निघाले?" वर्षाली म्हणायची, "नाई अजून. पंचवीस-सव्वीस दिवस लागतात." पार्बताबाई कपाळाला हात लावायची. "टिटवीचं नाव घरात घेऊ नोको व! अशुभ असते ते." पण दुसऱ्या दिवशी हळूच तीच विचारायची, "चारी हायेत ना?"

नववा दिवस. बस रुळांशी थांबली, वर्षाली उतरली, आणि समोरून तपासणीची जीप आली.

साहेब सभ्य होते. उतरले, बसमध्ये चढले, तिकिटं तपासली. सगळी बरोबर. मग विचारलं, "इथं गाडी कशी उभी? कोणी उतरलं नाही, कोणी चढलं नाही."

सांगायला तिच्याजवळ चांगलं कारण होतं. बिनफाटकाचे रूळ आहेत साहेब, नियमानं उतरून पाहिलं. एवढं म्हणाली असती तर साहेब हसून निघून गेले असते. पण नत्थुजी मधेच उठले, टोपी सावरत. "रोजचं हाय साहेब! कार्तिकापासून! लिहून घ्या, मही तक्रार हाय. आगगाडी येत नाई अन् बाई पायते!"

साहेबांनी वर्षालीकडे पाहिलं. "कोणाला पाहता, बाई?"

आणि वर्षालीनं, खोटं कधी जमलंच नाही त्या बाईनं, खरं सांगितलं. "टिटवीचे अंडे पाहून राहिली होती, साहेब."

बसमध्ये हशा उसळला. साहेबांनाही हसू आवरेना. पण कागद तो कागद. तक्रार लिहिली गेली, डेपोत बोलावणं झालं, ताकीद मिळाली. विनाकारण गाडी थांबवायची नाही. पुन्हा घडलं तर अहवाल जाईल. संध्याकाळपर्यंत डेपोभर तिचं नाव टिटवीबाई पडलं. "काय टिटवीबाई, आज किती अंडे?" लोकांनी मजेनं म्हटलं, वाईट मनानं नाही. तरी तिला ते लागायचं ते लागलंच.

दुसऱ्या दिवसापासून गाडी रुळांवरून थेट जाऊ लागली. सहदेव तिथं आला की वेग कमी करायचा, आरशातून पाहायचा. वर्षाली दोरीला हात लावायची नाही. कंडक्टरच्या सीटवरून ती बाजू दिसत नव्हती. मान वाकडी करून पाहावं तर खिडकीत कोणाचं तरी गाठोडं. एका झटक्यात रूळ मागे पडायचे. चार आहेत की तीन, कुत्र्यानं नेली की काय, टिटवी बसते की उडून गेली, काही कळायला मार्ग नाही.

तिसऱ्या दिवशी गोधडी परत आली. सातव्या दिवशी तिनं वाटेत मुऱ्ह्याला उतरणाऱ्या पोरीला थेट अंजनगावचं जास्त पैशांचं तिकीट दिलं आणि ती पोरगी रडकुंडीला आली. दहाव्या दिवशी आचलनं विचारलं, "आई, निघाले?" आणि वर्षाली तिच्यावर खेकसली. मग न्हाणीत गेली आणि नळ मोठा सोडला. बाहेर पार्बताबाई उभी होती. या खेपेला ती सोन्यासारख्या संसाराचं काही बोलली नाही. चहा ठेवते म्हणाली.

त्या रात्रीच वर्षालीनं अर्ज लिहिला. प्रकृतीच्या कारणास्तव गाडीवरून काढून कार्यालयात टेबलाचं काम मिळावं. एका ओळीचा अर्ज. घडी करून बॅगेत ठेवला. टेबलावर बसलं की काही पाहायचंच नको, काही चुकायचं नको. बसमध्ये राहून रोज त्या रुळांवरून जाणं तिला आता झेपत नव्हतं. सहदेवला तेवढं सांगितलं. तो दर्यापूर आल्यावर म्हणाला, "चार दिवस थांबा म्याडम, मंग द्या." एका दमात एवढे शब्द तो महिन्यातून एकदा बोलायचा, म्हणून ती थांबली.

इकडे नत्थुजींना पेपर मिळू लागला होता. आठला एक कमी, पेपर हातात, देवीदास समोर चडफडत. पण मजा काही येईना. वर्षाली त्यांना शून्याचं तिकीट द्यायची, गुडघ्याचं विचारायची नाही. नजर त्यांच्यातून आरपार. शेवटी एक दिवस त्यांनी हॉटेलात सहदेवला गाठलं. "कंडक्टरबाईले काय झालं गा?" सहदेवनं चहा संपवला, कप ठेवला. "तुमीच तं केलं, बाबा. त्या बिचारीची तेवढीच दवाई होती. आता अर्ज लिहून ठेवला, गाडी सोडते म्हणते." नत्थुजी म्हणाले, "टिटवीच्या अंड्यासाठी?" सहदेव म्हणाला, "जाऊन पाहा ना एकडाव. तुमच्या तं घराजवळ हाय." हे सगळं वर्षालीला फार मागाहून कळलं.

नत्थुजी त्या दिवशी संध्याकाळी काठी टेकत गेले. दीड किलोमीटर, वाटेत दोन वेळा बसत. टिटवीनं त्यांना अशा शिव्या घातल्या की म्हातारबा पार गांगरले. पण पाहिलं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेतकऱ्याची जात, टिटवीनं उंचावर अंडी घातली म्हणजे पाऊस चांगला, हे त्यांनी बापाकडून ऐकलेलं. रूळ तर भरावावर, शेतापेक्षा चांगले हातभर उंच. तिथंच बसून राहिले, अंधार पडायला लागेपर्यंत. घरचे शोधत आले तर म्हणाले, "हळू बोला, बसली हाय ते."

यातलं वर्षालीला काही माहीत नव्हतं. तिला इतकंच माहीत की फाट्यावर आज नत्थुजी नाहीत. सहदेवनं दोनदा हॉर्न दिला, कोणी आलं नाही. ताकीद मिळून सतरा दिवस झाले होते. तिला वाटलं, म्हातारा आजारी पडला की काय. आणि मनात आलं, बरं झालं, आज कोणी ओरडणार नाही. मग लगेच स्वतःचीच लाज वाटली. बॅगेतल्या अर्जावरून तिनं हात फिरवला. आज अंजनगावहून परतलं की देऊनच टाकायचा.

वैशाखाच्या तोंडावरची सकाळ, पण अजून उन्हानं डोळे वटारले नव्हते. कडुलिंब फुलला होता आणि त्याचा वास खिडकीखिडकीतून आत येत होता. सहदेवनं वेग कमी केला. मग आणखी कमी केला. मग गाडी थांबलीच.

"काय झालं भाऊ?" वर्षाली उठली.

"पाशिंजर हाय," सहदेव म्हणाला. "हात दाखवला. थांबा लागते."

रुळांच्या बाजूला नत्थुजी उभे होते. एक हात काठीवर, दुसरा वर, सरळ आभाळाकडे. टोपीवर कडुलिंबाची फुलं पडली होती. साध्या गाडीला रस्त्यात कुठंही हात दाखवला तर ती थांबते, हे बसच्या पाठीवरच लिहिलेलं असतं. त्याला कोणाची ताकीद आड येत नाही.

वर्षालीनं दार उघडलं. "बाबा! इथून कावून? फाट्यावर नव्हते तं."

"मही मर्जी," नत्थुजी म्हणाले. पाय काही त्यांनी पायरीवर ठेवला नाही. "गुडघा आखडला. असं वर नाई चढता येत मले. खाली उतर अन् हात दे."

ती उतरली. त्यांचा हात धरला. सकाळी सकाळी दीड किलोमीटर चालून आलेल्या म्हाताऱ्याचा हात. नत्थुजी हलले नाहीत. तिच्याकडे पाहिलंही नाही. रुळांकडे तोंड करून म्हणाले, "काल निघाले. चारी. घाई नोको करू, मले दम लागला हाय. दीड मिनिट तं लागंनच."

वर्षालीनं उजवीकडे पाहिलं. खडीत अंडी नव्हती. टिटवी रुळावर उभी होती, लांब पिवळे पाय, काळी छाती, मोठ्या रुबाबात. आणि तिच्या पुढे खडीतले चार दगड पळत होते. थांबले की दगड, पळाले की पिल्लं. एक जण रुळावरून घसरला, उठला, आणि आईच्या पोटाखाली शिरला. पलीकडे गवतात ऊन उतरत होतं, रूळ नेहमीसारखे पुढे पुढे जाऊन नाहीसे झाले होते. वर्षालीच्या डोळ्यांना धार लागली. या वेळी नळ सोडायला जवळपास नळ नव्हता, आणि तिला तो हवाही नव्हता. बसच्या एका बाजूच्या सगळ्या खिडक्यांत डोकी आली होती. "कुठं हायेत व? मले दाखव ना." "ते पाय, ते पाय, रुळापाशी!" कोणी ओरडलं नाही. सगळे कुजबुजत होते.

"बाबा, तुमचा पेपर जाईन," ती कशीबशी म्हणाली.

"जाऊ दे. उद्या बी इथूनच बसतो मी. परवा बी. डॉक्टरनं चालाले सांगतलं हाय." डॉक्टरनं असं काही सांगितलं नव्हतं. ते खोटं बोलले, आणि अगदी सहज बोलले.

पायाशी खडीत अंड्याच्या टरफलाचा एक तुकडा अडकला होता, नखाएवढा, ठिपक्यांचा. आचलसाठी तो घ्यायचा तर गुंडाळायला काहीतरी हवं. वर्षालीनं बॅगेत हात घातला, हाताला लागला तो एका ओळीचा कागद काढला, त्याची छोटी पुडी केली, टरफल आत ठेवलं आणि पुडी खिशात टाकली. मग नत्थुजींना कमरेला धरून वर चढवलं, दोरी ओढली, टण टण, आणि आधी त्यांचं शून्याचं तिकीट काढलं.

"कुठून देऊ, बाबा? मशीनमध्ये इथलं नावच नाई."

"मंग मागच्या गावाचं दे. तुह्या मशीनले काय कळते."

दर्यापूरला गाडी दहा मिनिटं थांबते. वर्षाली खिडकीशी बसून चहा पीत होती. समोरच्या हॉटेलात देवीदास पेपर पसरून बसला होता, दोन्ही कोपरं त्यावर रोवून, आज काही सोडणार नाही अशा तयारीनं. नत्थुजी त्याच्यासमोर बसले. पेपरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, चहाचा कप बाजूला सारला, आणि उजव्या हाताची दोन बोटं टेबलावर उभी करून ती पळवायला लागले. चहाच्या कपापर्यंत, मग थबकली, मग पुन्हा पळाली, मग डाव्या हाताच्या ओंजळीखाली शिरली. तोंडानं काहीतरी सांगत होते, भराभर, डोळे मोठे करून.

देवीदासनं हळूच पेपरची घडी घातली आणि बाजूला ठेवली.